कच्चा लिंबू नको, खेळाडू म्हणा

२००४ साली अथेन्सच्या पॅरालिम्पिकमधून पंधरा वर्षांची एक अमेरिकन मुलगी दोन पदकं घेऊन घरी आली. व्हीलचेअर शर्यतीत शंभर मीटरचं रौप्य आणि दोनशे मीटरचं कांस्य. तिचं नाव तात्याना मॅकफॅडन. घर मेरिलँड राज्यातल्या हॉवर्ड काउंटीत आणि शाळा अॅथोल्टन हायस्कूल. आता तिला शाळेच्या अॅथलेटिक्स संघात खेळायचं होतं. मैत्रिणींबरोबर सराव करावा, शाळेचा गणवेश घालून दुसऱ्या शाळेच्या मैदानावर जावं, हरलो-जिंकलो तर सगळ्यांनी मिळून, इतकीच तिची हौस होती. संघात तिला घेतलंही गेलं. पण शर्यतीची वेळ आली की बाकीच्या मुली एकत्र धावायच्या आणि तात्यानाची फेरी वेगळी लावली जायची. चारशे मीटरच्या धावपट्टीवर ती एकटी, बाकीच्या बाजूला थांबलेल्या आणि प्रेक्षक बघताहेत. हजारो प्रेक्षकांसमोर जगातल्या उत्तम खेळाडूंशी झुंजलेल्या मुलीला स्वतःच्या शाळेत मात्र प्रतिस्पर्धीच नव्हता.

तात्यानाचा जन्म १९८९ चा, लेनिनग्राडचा. पाठीच्या कण्यात स्पायना बायफिडा हा जन्मजात दोष असल्यामुळे कमरेखालचं अंग लुळं. ती ज्या अनाथाश्रमात वाढली त्याच्याकडे व्हीलचेअर नव्हती, त्यामुळे पहिली सहा वर्षं ती तळहातांवर चालली. पुढे डेबोरा मॅकफॅडन यांनी तिला दत्तक घेतलं. डेबोरा अमेरिकी सरकारात अपंगांच्या प्रश्नांवर वरिष्ठ पदावर काम केलेल्या. त्यामुळे कायद्यात काय लिहिलंय आणि मैदानावर काय चाललंय, यातलं अंतर या घराला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आधी विनंत्या झाल्या. मग २००६ साली मायलेकींनी हॉवर्ड काउंटीच्या शाळा व्यवस्थेविरुद्ध खटला भरला. नुकसानभरपाई म्हणून त्यांनी एक डॉलरही मागितला नाही. मागणी एकच होती: इतर मुली धावतील तेव्हा, त्याच धावपट्टीवर, तिलाही धावू द्यावं.

शाळेच्या बाजूने सुरक्षिततेचा मुद्दा मांडला गेला. व्हीलचेअर आणि पायांनी धावणाऱ्या मुली एका पट्ट्यात आल्या तर टक्कर होईल, कोणाला तरी लागेल. भीती अगदीच पोकळ नव्हती. पण अशी भीती वाटली की अंतर ठेवून सुरुवात करता येते, बाहेरची पट्टी देता येते, आधी सराव करून घेता येतो. धोका किती आणि तो कसा कमी करायचा, हे पाहण्याआधीच मुलीला बाजूला काढणं हा यातला सर्वांत सोपा उपाय असतो आणि शाळा बहुधा तोच निवडतात. एप्रिल २००६ मध्ये फेडरल न्यायाधीश आंद्रे डेव्हिस यांनी तात्यानाच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि ती इतर मुलींबरोबर धावू लागली.

गोष्ट इथे संपली असती तर ती सोपी झाली असती. त्याच वर्षीच्या राज्य स्पर्धेत सोळाशे मीटरच्या शर्यतीत तात्यानाच्या संघातल्या दुसऱ्या एका मुलीला अपात्र ठरवलं गेलं. तात्याना खुर्चीवरून तिला वेग ठरवून देत होती, असा पंचांचा आक्षेप होता. लांब पल्ल्याच्या शर्यतीत बाहेरच्या कोणी वेग ठरवून दिला तर तो धावणाऱ्याला मिळालेला गैरफायदाच असतो. पण एकाच संघातल्या दोघी एकाच वेळी धावत असतील, त्यातली एक खुर्चीवर असेल आणि तिचा क्रमांक वेगळा लागणार असेल, तर ती बाहेरची की आतली? नियमपुस्तिका लिहिणाऱ्यांच्या मनात हा प्रश्न कधी आलाच नव्हता. राग मात्र तात्यानावर निघाला. काही ठिकाणी प्रेक्षकांनी आपली हुर्यो उडवली, असं तिने नंतर मुलाखतींतून सांगितलं आहे.

दुसरा प्रश्न गुणांचा. शाळांच्या स्पर्धेत खेळाडूने मिळवलेले गुण संघाच्या खात्यात जमा होतात आणि त्यावरून विजेती शाळा ठरते. तात्याना धावत होती, पण तिचे गुण संघाला मिळत नव्हते. आपल्याकडे गल्लीतल्या खेळात धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतात. ते धावतं, पकडलं जातं, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याच्या बाद होण्याने कोणाचं काही बिघडत नाही. शाळेच्या मैदानावरची तात्यानाची अवस्था काहीशी तशीच होती. ती पुन्हा न्यायालयात गेली. या वेळी, २००७ मध्ये, त्याच न्यायाधीशांनी अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. राज्यात व्हीलचेअर धावपटू मोजकेच. ज्या शाळेत एक आहे तिला फुकटचे गुण आणि बाकीच्यांना काहीच नाही, असं झालं तर इतर संघांवर अन्याय होतो, ही दुसऱ्या बाजूची अडचण खरी होती. भाग घेण्याचा हक्क तिला मिळाला होता. गुणांचं कोडं मात्र न्यायालयाच्या एका आदेशाने सुटण्याजोगं नव्हतं, कारण त्यासाठी आधी मैदानावर पुरेशी मुलं यायला हवी होती.

एकत्र धावणं आणि एकत्र क्रमांक लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आकडे पाहिले की लगेच कळतं. शर्यतीच्या खुर्चीला पुढे लांबवर एक लहान चाक आणि मागे दोन मोठी, तिरकी चाकं असतात. खेळाडू जाड हातमोजे घालून चाकांच्या कड्यांवर ठोसे मारत ती पळवतो. सुरुवातीला खुर्ची जागची हलवायलाच जोर लागतो, पण एकदा वेग आला की तो टिकतो. म्हणून शंभर मीटरला पायांनी धावणारे पुढे असतात. स्त्रियांचा विश्वविक्रम १०.४९ सेकंदांचा आहे, तर खुर्चीवरच्या स्त्रियांना पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागतो. अंतर वाढलं की चित्र उलटं होतं. पुरुषांच्या पंधराशे मीटरचा हिशाम अल गरुजचा विक्रम ३ मिनिटं २६ सेकंदांचा. वरच्या दर्जाचे व्हीलचेअर धावपटू तेच अंतर तीन मिनिटांच्या आत कापतात. मॅरेथॉनमध्ये तर तुलनाच नको. केल्विन किप्टुमने २०२३ मध्ये शिकागोला २ तास ३५ सेकंदांची वेळ दिली. स्वित्झर्लंडच्या मार्सेल हूगने २०२१ मध्ये जपानमधल्या ओइता इथे खुर्चीवरून तेच अंतर १ तास १७ मिनिटं ४७ सेकंदांत पार केलं.

म्हणजे दोघांना एकाच तक्त्यात बसवलं तर शंभर मीटरला खुर्चीवाल्यावर अन्याय आणि मॅरेथॉनला पायांनी धावणाऱ्यावर. उपाय जुनाच आहे: मार्ग एक, तक्ते दोन. बोस्टन मॅरेथॉनने १९७५ मध्ये बॉब हॉल या खुर्चीवरच्या स्पर्धकाला तीन तासांच्या आत शर्यत संपवण्याच्या अटीवर प्रमाणपत्र द्यायचं कबूल केलं. त्याने २ तास ५८ मिनिटांत ती संपवली. आज जगातल्या मोठ्या मॅरेथॉनमध्ये व्हीलचेअर गटाचे विजेते वेगळे जाहीर होतात. मुंबई मॅरेथॉनमध्येही दिव्यांगांसाठी वेगळा गट असतो. मोठ्यांच्या स्पर्धांना जे इतक्या वर्षांपूर्वी जमलं, ते शाळेच्या मैदानावर जमायला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

तात्यानाच्या लढ्याचं मोठं फळ २००८ मध्ये मिळालं. मेरिलँडने कायदाच केला: राज्यातल्या शाळांनी अपंग विद्यार्थ्यांना शारीरिक शिक्षणात आणि शाळेच्या खेळांत सामील होण्याची संधी द्यायची. जिथे नेहमीच्या संघात सामावून घेणं शक्य नसेल, तिथे दिव्यांग आणि इतर मुलं मिळून खेळतील असे संघ काही काउंट्यांनी सुरू केले. त्यात बोचे, बोलिंग, सॉफ्टबॉल असे खेळ आहेत. तात्यानाची धाकटी बहीण हॅना हीसुद्धा दत्तक घेतलेली आणि अपंग. ती त्याच शाळेत शिकली. आपल्याला जे सोसावं लागलं ते हॅनाला सोसावं लागू नये म्हणून आपण लढलो, असं तात्याना सांगते. २०१२ मध्ये लंडनच्या पॅरालिम्पिकमध्ये या दोघी बहिणी शंभर मीटरच्या एकाच अंतिम फेरीत उतरल्या. पुढच्याच वर्षी तात्यानाने बोस्टन, लंडन, शिकागो आणि न्यूयॉर्क या चारही मॅरेथॉन जिंकल्या. एका वर्षात हे करणारी ती पहिलीच.

पण पदकं जिंकणाऱ्या मुलीकडे पाहून सर्वसाधारण मुलांची गोष्ट कळत नाही. जून २०१० मध्ये अमेरिकी संसदेसाठी सरकारी कामकाजाची तपासणी करणाऱ्या जी.ए.ओ. या संस्थेने अहवाल दिला की शाळांच्या खेळांत अपंग मुलांचा सहभाग इतरांपेक्षा सातत्याने कमी आहे. तिथला १९७३ चा पुनर्वसन कायदा सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगांशी भेदभाव करायला मनाई करतो. पण मैदानावर त्याचा अर्थ काय, हे शाळांना नीट कोणी सांगितलंच नव्हतं. ते काम २५ जानेवारी २०१३ रोजी अमेरिकी शिक्षण खात्याच्या नागरी हक्क विभागाने एका पत्राने केलं. या पत्रातली उदाहरणं कुठल्याही देशातल्या क्रीडाशिक्षकाने वाचावीत अशी आहेत.

पहिलं उदाहरण कर्णबधिर धावपटूचं. त्याला सुरुवातीच्या पिस्तुलाचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून आवाजाबरोबर दिवाही लावा, अशी त्याची मागणी. जिल्ह्याचं शाळा प्रशासन म्हणतं, इतरांचं लक्ष विचलित होईल. शेजारच्या जिल्ह्यांत मात्र असे दिवे बिनतक्रार वापरले जाताहेत. खात्याचं मत स्पष्ट आहे: दिवा लावा. दुसरं उदाहरण जन्मतः एकच हात असलेल्या जलतरणपटूचं. काही प्रकारांत शर्यत संपवताना दोन्ही हातांनी भिंतीला स्पर्श करावा लागतो. या मुलाकडे दुसरा हातच नाही. मग पाहायचं ते एवढंच, की एका हाताने स्पर्श करू दिला तर त्याला इतरांवर गैरफायदा मिळतो का? मिळत नसेल तर नियम शिथिल करायचा. तिसऱ्या उदाहरणातल्या मुलीला शिकण्यात अडचण आहे. सरावात ती भाग घेते, पण सामन्याच्या दडपणाखाली तिला जमणार नाही असं प्रशिक्षक मनाशी ठरवून टाकतो आणि तिला बाकावर बसवतो. हा भेदभाव आहे, कारण तो मुलीच्या खेळावर नाही, तिच्याविषयीच्या समजुतीवर उभा आहे.

हेच पत्र एक गोष्ट तितक्याच ठामपणे सांगतं. प्रत्येक अपंग मुलाला शाळेच्या मुख्य संघात घ्यायलाच हवं, असं नाही. निवड कौशल्यावरच होईल. फक्त कौशल्य जोखण्याआधी दार बंद करता येणार नाही.

या विचारामागे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा एक गाजलेला निकाल आहे. केसी मार्टिन या व्यावसायिक गोल्फपटूला पायातल्या रक्ताभिसरणाच्या विकारामुळे मैदानभर चालणं शक्य नव्हतं. त्याने दोन भोकांमधलं अंतर गाडीतून जाण्याची परवानगी मागितली. स्पर्धा भरवणारी पी.जी.ए. टूर म्हणत होती की चालून येणारा थकवा हा खेळाचा भाग आहे. सात विरुद्ध दोन अशा बहुमताने न्यायालयाने मार्टिनची बाजू घेतली: गोल्फचा गाभा फटका मारण्यात आहे, चालण्यात नाही. शाळेच्या प्रत्येक नियमाला हाच प्रश्न विचारता येतो. हा नियम खेळाच्या गाभ्यातला आहे की नुसता सवयीने चालत आलेला? पिस्तुलाचा आवाज सवयीचा आहे. उंच उडीत दांडी न पाडता पलीकडे जाणं, हा गाभा.

उंच उडीचा विषय निघाला की तमिळनाडूच्या सेलम जिल्ह्यातला मरियप्पन थंगवेलू आठवतो. पाच वर्षांचा असताना बसखाली सापडून त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी त्याला उंच उडीकडे वळवलं. चौदाव्या वर्षी तो धडधाकट मुलांच्या स्पर्धेत उतरला आणि दुसरा आला. २०१६ मध्ये रिओच्या पॅरालिम्पिकमध्ये १.८९ मीटरची उडी मारून त्याने सुवर्णपदक मिळवलं. राजस्थानातल्या चुरू जिल्ह्यातल्या देवेंद्र झाझडियाचा डावा हात आठव्या वर्षी विजेच्या तारेला लागून गेला. शाळेत तोही दोन हातांच्या मुलांबरोबरच भाला फेकत होता. २००४ आणि २०१६ अशी दोन पॅरालिम्पिक सुवर्णपदकं त्याच्या नावावर आहेत. दोघेही इतर मुलांबरोबर खेळले, पण कोणत्या धोरणामुळे नव्हे. एका क्रीडाशिक्षकाची नजर आणि मुलाची जिद्द जुळून आली, म्हणून. ज्याच्या शाळेत तसे सर नव्हते, त्याचं नाव आपल्यापर्यंत पोहोचलेलं नाही.

महाराष्ट्रालाही अशी नावं आहेत. करमाळ्याच्या सुयश जाधवने शाळकरी वयात विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावले, तरी तो पोहत राहिला आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई पॅरा स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये सुवर्णपदक जिंकला. पॅरा जलतरणात प्रत्येक खेळाडूच्या शरीराप्रमाणे सवलती आधीच नोंदलेल्या असतात. कोणी एका हाताने भिंतीला स्पर्श करतो, कोणी शरीराच्या वरच्या भागाने. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीचा डावा हात लहानपणी सायकलवरून पडून निकामी झाला. २०२४ मध्ये पॅरिसला एफ-४६ गटात १६.३२ मीटर गोळा फेकून त्याने रौप्यपदक मिळवलं. एफ म्हणजे मैदानी प्रकार, आणि आकडा अपंगत्वाचा प्रकार आणि प्रमाण सांगतो. सारखी अडचण असलेले खेळाडू एकमेकांसमोर यावेत, म्हणून ही वर्गवारी.

समान संधीसाठी नियम किती चतुराईने घडवता येतात, हे अंधांच्या क्रिकेटने दाखवलंय. चेंडूत छर्रे असतात, म्हणून तो वाजतो. गोलंदाजी खालून होते. संघात पूर्ण अंध आणि अंशतः दृष्टी असलेले खेळाडू ठरलेल्या प्रमाणात असावे लागतात आणि पूर्ण अंध फलंदाजाने काढलेली प्रत्येक धाव दुप्पट मोजली जाते. त्यामुळे संघात कोणी नावापुरता राहत नाही. बुद्धिबळाला तर वेगळ्या गटाचीही गरज नाही. अंध खेळाडूच्या पटावर काळी घरं किंचित उंच असतात, सोंगट्या भोकांत बसतात, दोन्ही खेळाडू चाली तोंडाने उच्चारतात आणि फिडेच्या नियमांत याची तरतूद आहे. मुंबईच्या चारुदत्त जाधव यांनी अंध बुद्धिबळपटूंची देशव्यापी संघटना उभी केली. शाळेच्या बुद्धिबळ स्पर्धेत अंध मुलाला डोळस मुलासमोर बसवायला असा एक पट पुरतो.

आपल्याकडे कायदा कमी पडत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम १६ सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि खेळाच्या व करमणुकीच्या संधी इतरांच्या बरोबरीने द्याव्यात. कलम ३० क्रीडा यंत्रणांना दिव्यांगांच्या सहभागाचा हक्क मान्य करायला लावतं. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही शालेय खेळांचा स्पष्ट उल्लेख आहे.

अडतं ते व्यवस्थेच्या सांध्यात. विशेष शाळांतल्या मुलांच्या क्रीडा स्पर्धा बहुधा ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाच्या सुमाराला वेगळ्या होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत्या शालेय स्पर्धा क्रीडा खात्याच्या. पोलिओमुळे एक पाय अधू असलेली किंवा कमी ऐकू येणारी मुलगी साध्या जिल्हा परिषद शाळेत शिकत असेल, तर ती विशेष शाळेची नाही आणि तालुक्याच्या प्रवेशिकेत तिच्यासाठी रकाना नाही. पी.टी.च्या तासाला ती बहुतेक वेळा दप्तरं सांभाळते किंवा गुण लिहून घेते. सर निर्दय असतात असं नव्हे. तिला पडायला होईल, लागेल, पालक बोलतील, ही त्यांची काळजी खरी असते. पण त्या काळजीपोटी तिचा खेळ कायमचा बंद होतो.

पैशाचाही प्रश्न आहे. समग्र शिक्षा योजनेतून क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. शर्यतीची खुर्ची लाखांच्या घरात जाते. ती एका शाळेच्या आवाक्यातली नाही, जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात चार-पाच ठेवून शाळांनी आळीपाळीने वापरण्याची गोष्ट आहे. पण बहुतेक सोयींना खुर्चीइतका खर्च येतच नाही. शिट्टीबरोबर झेंडी खाली आणली की कर्णबधिर मुलाला सुरुवात कळते. पूर्ण अंध मुलगी सोबतिणीच्या मनगटाला बांधलेली दोरी धरून धावू शकते. पॅरालिम्पिकमध्येही धावपटू असेच धावतात. वाजणारा चेंडू महाग नसतो. गट करण्याइतकी मुलं नसतील तर मुलाच्या आधीच्या वेळेशी त्याची आजची वेळ ताडून बक्षीस देता येतं. खर्च खरा लागतो तो शिक्षकाच्या प्रशिक्षणाला, मैदानापर्यंतच्या उताराला आणि वापरता येईल अशा स्वच्छतागृहाला.

डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीत पहिली खेलो इंडिया पॅरा स्पर्धा झाली. वरच्या पायरीवर पैसा आणि लक्ष दोन्ही येऊ लागलंय, ही चांगलीच गोष्ट आहे. खालची पायरी म्हणजे शाळेचं मैदान, आणि तिथे दिव्यांग मूल अजून शिक्षकाच्या मर्जीवर आहे. मेरिलँडमध्ये ही मर्जी संपवायला एका मुलीला दोनदा न्यायालयात जावं लागलं. महाराष्ट्रात क्रीडा खात्याने तालुका स्पर्धेच्या प्रवेशिकेत दिव्यांग गटाचा रकाना घातला आणि त्या गटाचे गुण शाळेच्या खात्यात कधीपासून धरायचे याचा नियम आधीच जाहीर केला, तर तशी वेळ येणार नाही. तोवर पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कलम १६ चा हवाला देऊन विचारावं, की यंदाच्या क्रीडा दिनात आमच्या मुलाचं नाव कोणत्या शर्यतीत आहे. उत्तर मिळालं नाही तर या कायद्याखाली दाद मागण्यासाठी राज्यात दिव्यांग आयुक्त आहेत आणि त्यांचं कार्यालय पुण्यात आहे.